तळमजल्यावरचा पहाड

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की तुमची नजर आधी कुठे जाते? आकड्यावर. तो ठळक छापलाय की साधा, यावर तुमचा पुढचा आठवडा ठरतो. पण हातातून काढलेलं ते रक्त यंत्रापर्यंत पोचेतो किती वेळ नळीत पडून होतं, हे तुम्ही कधी विचारलंत?

उगाच टोचायला विचारत नाही. माझं पोट या प्रश्नावर भरतं. दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे, सात वर्षं झाली, करारावर. संपादकांनी दिवाळी अंकासाठी नोकरीच्या आठवणी मागितल्या तेव्हा मी म्हटलं, अहो, मी एकोणतीस वर्षांची आहे, आठवणी निवृत्त माणसांकडे मागा. ते म्हणाले, काहीतरी घडलं असेलच की. घडलंय. आणि त्यात माझी एक चूक आहे, ती कुठेतरी छापून यायला हवी.

आमच्याकडे तळमजल्यावर एक पहाड आहे. लोखंडी कपाट आडवं ठेवावं एवढी पोलादी पेटी, जाड काचेची खिडकी, बाजूला पंप. पंप आतली हवा ओढून घेतो. दाबाची सुई उतरत जाते आणि दिल्लीच्या जमिनीवर बसलेले आठ पांढरे उंदीर तासाभरात सहा हजार मीटर उंचीवर पोचतात. या पेटीला कागदोपत्री लांबलचक नाव आहे, पण आमच्याकडे कोणी ते घेत नाही. "पहाड़ चालू है क्या?" असंच विचारतात.

गुरुग्रामच्या एका कंपनीचे साहेब एकदा आले होते. ऑफिसातली मंडळी घेऊन लडाखला चालले होते आणि त्याआधी अर्धा तास आमच्या पहाडात बसून बघायचं होतं. मी सांगितलं, यात उंदीर बसतात, तुमचे गुडघे मावणार नाहीत. मग ते मलाच समजावू लागले की वरच्या हवेत ऑक्सिजन दहाच टक्के असतो. हे पुष्कळांना वाटतं. मी तोंड उघडायच्या आत बाजूला पिंजरे धूत असलेले रामवीरजी म्हणाले, "साहब, हवा तो वही है. परसेंट भी वही है. बस धक्का कम है."

इतकं सोपं मला पुस्तकातही सापडलं नव्हतं. हवेत ऑक्सिजनचा वाटा खाली-वर सगळीकडे तोच, पण वर हवेचा दाबच कमी. ऑक्सिजनला फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून पेशीत ढकलणारा तो धक्का मंदावतो.

पेशीत काय होतं, तेही सांगते. प्रत्येक पेशीत बारीक भट्ट्या असतात, मायटोकॉन्ड्रिया. त्या ऑक्सिजन घेऊन साखर पूर्ण जाळतात आणि साखरेच्या एका रेणूतून पेशीला वापरता येईल असं इंधन तीसेक भाग काढतात. ऑक्सिजन नसेल तर पेशी ती साखर भट्टीबाहेर अर्धवट मोडते. त्यातून फक्त दोन भाग मिळतात आणि लॅक्टेट उरतं. तीस कुठे, दोन कुठे. पण जीव जगतो. वर राहिलेला प्राणी आपलं सगळं घर या नव्या हिशेबाने लावून घेतो, आणि तो हुकूम सोडतं एक प्रथिन. आम्ही त्याला 'हिफ' म्हणतो. पेशी हिफ सतत बनवते आणि सतत कापून टाकते. कापायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन कमी पडला की कापणं थांबतं, हिफ साठतं, पेशीच्या केंद्रकात जातं आणि सांगतं: भट्ट्या मंद करा, साखर बाहेरच मोडा. मला हे फार आवडतं. त्याला वेगळी सूचना द्यावी लागत नाही. त्याला संपवणारा हात थांबला की ते आपोआप उभं राहतं.

आमचा प्रयोग या हिफचाच होता. उंदीर एक दिवस पहाडात ठेवायचे, खाली आणायचे, भूल देऊन मारायचे, यकृताचा तुकडा तत्काळ गोठवायचा आणि त्यात हिफ आणि लॅक्टेट किती ते मोजायचं. मारायचे हा शब्द मी मुद्दाम लिहिला. आमच्या अहवालांत त्याला मऊ शब्द वापरतात. मी वापरत नाही.

काम अनिकेतचं होतं. अनिकेत संशोधक, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याच्या घरची तिसरी पिढी दिल्लीत, त्यामुळे त्याच्या मराठीला 'यार' लागल्याशिवाय वाक्य संपत नाही. स्वभावाने निर्मळ. उंदीर कापायचं काम तो करायचा, गोठवण्याचं आणि चिठ्ठ्या लावण्याचं मी. पिंजरे, दाणा-पाणी आणि वजन रामवीरजींकडे. रामवीरजी बुलंदशहरकडचे, पन्नाशी उलटलेले, एजन्सीमार्फत लागलेले. आधी साहिबाबादच्या एका कारखान्यात गेटवर होते. तिथे एकदा गेट उशिरा उघडल्याचा खोटा ठपका आला आणि सिद्ध करायला त्यांच्याकडे काही नव्हतं. तेव्हापासून ते प्रत्येक गोष्टीपुढे वेळ लिहितात. दाणा घातला, वेळ. पाणी बदललं, वेळ. मी त्यांना चिडवायचे, "चहा प्यायलात, तोही लिहा." ते म्हणायचे, "लिखा है, बिटिया. चार बजकर सात मिनट. फीकी थी."

पाच तुकड्या झाल्या. चाळीस उंदीर. आकडे आले ते भयंकर. एका उंदरात हिफ भरपूर, दुसऱ्यात मध्यम, तिसऱ्यात नावालाही नाही, जणू तो कधी पहाडावर गेलाच नव्हता. लॅक्टेटचंही तसंच. सरासरी काढण्यात अर्थ नव्हता. अनिकेतने आठवडाभर डोकं धरलं आणि शेवटी निष्कर्ष काढला: काही उंदीर मुळातच आजारी होते, देखभाल नीट झाली नाही. त्याने दोन पानांची टिपणी लिहिली आणि माझ्यापुढे ठेवली. "तंत्रज्ञाची सही लागते यार, इथे पहिल्या पानाखाली कर."

मी केली.

पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं नाही. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की प्राणिगृहाच्या कर्मचाऱ्याचा करार महिनाअखेर पुढे वाढवू नये.

माझे बाबा चंद्रपूरहून सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आले आणि गाझियाबादला स्थिरावले. जयंतीचं, वसतिगृहाच्या प्रश्नाचं, वस्तीतल्या पाण्याचं, कशाचंही पत्रक बाबांनी लिहायचं आणि आई, मी, भावाने घड्या घालायच्या. मी अक्षरं पत्रकांवरून शिकले. दहावीपर्यंत मला वाटायचं की छापलेल्या प्रत्येक कागदाच्या तळाशी मागणी असते. न वाचता सही करायची नाही, हा आमच्या घरात जेवण्याआधी हात धुण्याइतका साधा नियम. आणि मी एका माणसाची नोकरी घालवणाऱ्या कागदावर चहा पिता पिता सही केली.

रामवीरजींना एजन्सीकडून कळलं. ते माझ्या टेबलापाशी आले. रडले नाहीत, विनवणी केली नाही. बगलेतलं लाल कापडाचं रजिस्टर पुढे ठेवलं.

"देख लो बिटिया. कौन सा चूहा बीमार था, बता दो. मैंने सब लिखा है."

"रामवीरजी, मैंने वो कागज़ पूरा पढ़ा नहीं था."

"तो अब ये पूरा पढ़ लो."

ते पिंजरे धुवायला निघून गेले. मी ते रजिस्टर पूर्ण वाचलं. एकही उंदीर आजारी नव्हता. पहाडावर सगळेच कमी खातात, तसं खाणं कमी झालं होतं, पण आठांचंही सारखंच. मग शेवटचा रकाना: खाली आणल्यावरचं वजन आणि वेळ. दहा बावीस. दहा सव्वीस. दहा एकोणतीस. आठवा उंदीर दहा पन्नासला.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पहाडाच्या दारावर छापील कागद होता: 'पहले वज़न, फिर काम'. काही वर्षांपूर्वी कोणीतरी वजन करायला विसरलं होतं आणि अख्खी तुकडी वाया गेली होती, तेव्हा विभागप्रमुख माथुर मॅडमनी तो लावला. तेव्हापासून एकेक उंदीर रामवीरजी काट्यावर ठेवायचे, वजन लिहायचे, मग तो अनिकेतकडे जायचा. आणि रामवीरजी घाई करत नाहीत. उंदीर काट्यावर स्थिर होईपर्यंत पाठीवर बोट ठेवून थांबतात. बाकीचे तोवर पिंजऱ्यात. दिल्लीच्या हवेत. खालच्या भरपूर धक्क्यात.

अनिकेतच्या तक्त्यात उंदीर पिंजऱ्याच्या क्रमांकाने लावलेले होते, आणि ते क्रमांक मुद्दाम उलटसुलट ठेवतात, कोणाचा कल मोजण्यात येऊ नये म्हणून. मी तेच आकडे रामवीरजींच्या वेळेप्रमाणे लावले. पडद्यावर जिना उतरला. पहिल्या उंदरात हिफ सगळ्यांत जास्त, मग पायरीपायरीने खाली, आठव्यात जवळजवळ शून्य. पाचही तुकड्यांत तोच जिना.

ऑक्सिजन परत आला की हिफ काही मिनिटांत कापलं जातं. हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. अनिकेतने तर त्यावर व्याख्यान दिलं होतं. पण पुस्तकातली ती मिनिटं आणि काट्यावर थांबलेली मिनिटं एकच आहेत, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही पहाड मोजतोय असं समजत होतो. आठवा उंदीर केव्हाच दिल्लीला पोचलेला असायचा.

अनिकेतकडे जावं की थेट मॅडमकडे? मी घरी गेले आणि बाबांना विचारलं. ते भाजी निवडत होते.

"शुक्रवारी बैठक आहे म्हणतेस ना? पत्रक काढ."

"बाबा, ती लॅब आहे."

"लॅबमधल्या लोकांना वाचता येत नाही का? एक पान. वर प्रश्न, मधे पुरावा, खाली मागणी."

मी लिहून दाखवलं. त्यांनी चष्मा चढवला आणि पहिल्याच ओळीवर पेन ठेवलं. "'आम्हाला असं वाटतं' काढ. वाटतं ते घरी बोलायचं." मग खाली उतरले. "आणि तुझी सही ज्या कागदावर आहे त्याचं काय? ते कुठे आहे यात?"

"ते तोंडी सांगेन."

"तोंडी सांगितलेलं कोण फाइलला लावतं? पहिल्या ओळीत घाल."

घातलं. 'ज्या टिपणीवर मी न वाचता सही केली, ती चुकीची आहे. कारण खाली.' मग जिना. मग दोन मागण्या: टिपणी मागे घ्या, आणि श्री. रामवीर यांना बैठकीत बोलवून विचारा.

शुक्रवारी सगळे यायच्या आधी प्रत्येक खुर्चीपुढे एकेक पान ठेवलं. अनिकेतने उभ्या उभ्या वाचलं. कान लाल झाले.

"शीतल, मला आधी सांगायचं ना यार."

"तू म्हणाला असतास, बघू."

"म्हणालो असतो," तो म्हणाला आणि बसला. तो निर्मळ आहे, हे मी आधीच लिहिलंय.

माथुर मॅडमनी पान दोनदा वाचलं आणि रामवीरजींना बोलावून घेतलं. ते दारातच उभे राहिले, हात पुसत.

"रामवीरजी, एक चूहे के वज़न में कितना टाइम लगता है?"

"जब तक वो खुद न रुके, मैडम. हिलते हुए का वज़न ग़लत आता है."

"जल्दी नहीं कर सकते?"

"कर सकता हूँ. फिर आप वज़न पर भरोसा मत करना."

कोणीतरी हसलं. मॅडम नाही हसल्या. "और ये पहले वज़न वाला नियम किसका है?"

रामवीरजी म्हणाले, "आपका, मैडम. आपके दस्तख़त हैं उस पर."

मला वाटलं जिंकलो. मॅडमनी पान खाली ठेवलं आणि सरळ माझ्याकडे बघितलं. जिना खरा आहे, त्या म्हणाल्या, पण तो हवेचाच आहे हे कशावरून? आठवा उंदीर सगळ्यांत जास्त वेळ माणसांत राहिला, त्याने सात जणांना उचलून नेताना पाहिलं. भीतीनेही पेशीची कामं बदलतात. मग दोष पुन्हा हाताळणीवर येतो, म्हणजे यांच्यावर. हात वेगळा करून दाखवा आणि हवा वेगळी करून दाखवा. प्रयोगाला मंजूर उंदरांपैकी एकच तुकडी उरली होती, आठ. महिना संपायला अकरा दिवस.

मला राग आला, खोटं कशाला लिहू. पण त्यांचं बरोबर होतं. माझ्या पत्रकात भोक होतं आणि त्यांनी त्यात बोट घातलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे पहाडासमोर उभे. अनिकेत म्हणाला, वजन आधीच करून टाकू, वेळ वाचेल. मी म्हटलं, मग जिना गेला तरी हात होता की हवा, हे कळणारच नाही. वजन तसंच, त्याच संथपणे, त्याच क्रमाने व्हायला हवं. बदलायची फक्त हवा. आणि ती कशी बदलायची? पहाड खाली आणायचा म्हणजे झडप उघडून बाहेरची हवा आत घ्यायची. त्याशिवाय दार उघडत नाही.

रामवीरजी ऐकत होते. त्यांना आमची मराठी अर्धी कळते. "नीचे लाना है तो लाओ," ते म्हणाले. "पर हवा नीचे की क्यों देते हो?"

अनिकेतने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. कोपऱ्यात नायट्रोजनचे सिलिंडर उभे होते. आमच्या डोळ्यांसमोर, वर्षानुवर्षं.

आता बघा किती साधं आहे. सहा हजार मीटरवर हवेचा दाब जेमतेम निम्मा, म्हणून ऑक्सिजनचा धक्काही निम्मा. पेटीत वरून फक्त नायट्रोजन सोडला तर एकूण दाब जमिनीएवढा होतो, दार उघडता येतं, पण ऑक्सिजनमध्ये कणाचीही भर पडत नाही. उंदीर खाली आला, त्याच्या पेशींच्या हिशेबी अजून वरच. गुरुग्रामच्या साहेबांचा दहा टक्के ऑक्सिजन आम्ही शेवटी खराच करून दाखवला.

अनिकेतने दाराला जोडून पारदर्शक प्लास्टिकचा तंबू उभारला, त्यात तशीच दहा टक्के ऑक्सिजनची हवा भरली, बाजूंना लांब हातमोजे बसवले. आत वजनकाटा आणि कापायची जागा. नायट्रोजन खोलीत साठला तर माणूस नकळत बेशुद्ध पडतो, म्हणून खिडक्या उघड्या आणि भिंतीवर ऑक्सिजनचा अलार्म. मी बाहेर रामवीरजींचं रजिस्टर धरून, कारण त्यांचे हात मोज्यांत होते.

पहिला उंदीर काट्यावर आला. रामवीरजींनी जाड मोज्यातलं बोट त्याच्या पाठीवर ठेवलं आणि थांबले.

"टाइम लिखो, बिटिया."

"लिखा."

"मिनट ठीक से देखना."

त्या दिवशी ते नेहमीपेक्षाही संथ होते. त्यांची नोकरी त्या काट्यावर होती आणि ते उंदीर स्थिर होण्याची वाट बघत होते. अनिकेतने एकदाही "जल्दी" म्हटलं नाही. आठव्या उंदराचा तुकडा माझ्या थंडगार चिमट्यात आला तेव्हा पहिल्यापासून चौतीस मिनिटं झाली होती.

मोजणीला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी अनिकेतने आतून हाक मारली. "शीतल, इकडे ये. बोलू नकोस, फक्त बघ."

पडद्यावर आठ ठिपके. पहिल्यापासून आठव्यापर्यंत एका ओळीत, सपाट. जिना नव्हता. आणि आठही ठिपके आधीच्या तुकड्यांतल्या पहिल्या उंदरापेक्षाही वर. आधी आम्ही पहिल्या उंदराचं खरं मानत होतो. पेटीत बाहेरची हवा सोडतानाच तोही अर्धा खाली आलेला असायचा. लॅक्टेटची ओळही तशीच. पाच तुकड्यांत जे दिसलं नव्हतं, सहा हजार मीटरवरच्या पेशीचं खरं रूप, ते आठ जणांनी एका दिवसात दाखवलं होतं. तेच हात, तेवढाच वेळ, हवा फक्त वेगळी.

मी धावत प्राणिगृहात गेले आणि रामवीरजींना ओढत आणलं. त्यांनी ठिपके बघितले. "सब बराबर?"

"सब बराबर."

त्यांनी खिशातून पेन काढलं, रजिस्टरमध्ये वेळ लिहिली आणि पुढे लिहिलं, 'सब बराबर'. मग चष्मा काढून बराच वेळ पुसला.

माथुर मॅडम स्वतः खाली आल्या. दारावरचा 'पहले वज़न' त्यांनी आपल्या हाताने काढला. टिपणी मागे घेतल्याच्या कागदावर आधी अनिकेतने, मग मी सही केली. दोन्ही पानं वाचून. महिनाअखेर रामवीरजींचा करार वाढला. पुढे शोधनिबंध छापून आला, त्यात माझं नाव आहे आणि तळमजल्यावर पहिल्यांदाच असं झालं की आभाराच्या परिच्छेदात पिंजरे सांभाळणाऱ्या माणसाचं नाव आलं. 'वेळेच्या नोंदींसाठी आणि वायू बदलण्याच्या सूचनेसाठी.' ती ओळ मी मागून घेतली. सूचना त्यांची होती.

मी ती ओळ त्यांना वाचून दाखवली. त्यांनी दोनदा ऐकली. मग म्हणाले, "और वो चालीस? उनका किसी ने लिखा?"

नाही लिहिलं. त्या चाळीस उंदरांचा जीव आमच्या एका रीतीने फुकट गेला आणि या विजयात मला तेवढं खुपतं. म्हणून इथे लिहिलं.

आता तुमच्याकडे येते. तुमच्या नळीतल्या लाल पेशी दिवसभर ऑक्सिजन वाहतात, पण त्यांच्यात स्वतःची भट्टी नाही. त्या साखर भट्टीबाहेरच मोडून जगतात, आणि रक्त नळीत पडून असतानाही मोडत राहतात. म्हणजे तुमची साखर कमी होत जाते आणि लॅक्टेट वाढत जातं. योग्य नळी वापरली, वेळेत काम झालं, तर काळजी नाही. पण झालं की नाही, हे नोंदीशिवाय कळणार कसं?

म्हणून मागणी एकच आहे. पुढच्या वेळी रक्त द्याल तेव्हा विचारा: किती वाजता काढलं, आणि यंत्राला किती वाजता लागणार? दोन्ही वेळा तुमच्यासमोर लिहून घ्या. आणि ज्याने लिहिल्या, त्याचं नाव विचारून रिपोर्टच्या कोपऱ्यात तुमच्या हाताने लिहा.